खिडकीतला गहू

कॅन्सरचं निदान झालेल्या घरात गव्हांकुर फार लवकर पोचतात. बायोप्सीचा रिपोर्ट हातात येऊन आठवडा होत नाही तोच कुणी मावशी फोनवर सांगते, ‘रोज सकाळी अनशेपोटी रस दे हो, आमच्या शेजारणीचं हिमोग्लोबिन त्यानंच वाढलं.’ पाठोपाठ व्हॉट्सॲपवर व्हिडिओ येतो. पुण्या-मुंबईत सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी बागेबाहेर कारल्याच्या आणि दुधीच्या रसाशेजारी हा हिरवा रसही छोट्या ग्लासात मिळतो. गहू घरात असतोच, माती कुठूनही आणता येते, खर्च नावाला. आजारी नवरा किंवा बायको समोर असताना ‘करून तर बघू’ला नकार देणं जड जातं. मीही दिला नाही. बायकोची केमोथेरपी चालू होती त्या काळात आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत गव्हाचे ट्रे असायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे बघत बसायला मला आवडायचं.

या रसाचा उपयोग किती, हा एक प्रश्न. घरात ट्रे लावावा का, हा दुसरा. बहुतेक घरांत दोन्हींची सरमिसळ होते, आणि मग रसाकडून नको तेवढी अपेक्षा धरली जाते. म्हणून आधी गवत, मग रस, आणि पेशंट शेवटी.

कोवळा गहू कसा उगवतो हे मराठी घरांना शिकवायला नको. नवरात्रात घट बसवताना शेतातली माती पत्रावळीवर पसरून तीत धान्य पेरतात, मधे पाण्यानं भरलेला घट ठेवतात आणि नऊ दिवसांत वीतभर रोपं येतात. दसऱ्याला ती देवाला वाहतात, काही ठिकाणी पुरुष टोपीत नाहीतर फेट्यात खोवतात. देवघर अंधारं असेल तर ही रोपं पिवळट येतात. याचं कारण असं, की गव्हासारख्या वनस्पतींत हरितद्रव्य तयार होण्याची एक पायरी उजेडाशिवाय पुरी होत नाही. तीच पिवळी रोपं खिडकीत आणून ठेवली, की काही तासांत हिरवी व्हायला लागतात. रसासाठीचा ट्रे म्हणजे उजेडात बसवलेला घट, इतकंच.

दाण्याला पाणी मिळालं, की आतल्या अंकुरातून जिबरेलिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्याच्या सांगण्यावरून दाण्याच्या बाहेरच्या थरात ॲमिलेज हे विकर तयार होतं आणि ते साठवलेल्या स्टार्चची साखर करायला लागतं. मोड आलेला गहू चावून पाहिला तर गोडसर लागतो तो यामुळे. नाचणीचं सत्त्व करतानाही आपण मोड आणतो. पहिला आठवडाभर रोप मुख्यतः या साठ्यावरच वाढतं, म्हणून ट्रेला खताची गरज नसते. पुढे गहू कांडं धरू लागला, की पान राठ होतं आणि रस कडवट. कापायची वेळ त्याच्या आतली. गवताचा वाढता कोंब मातीलगत असल्यामुळे कापलं तरी ते पुन्हा फुटतं. पण दुसरी कापणी विरळ येते आणि तोपर्यंत बुडाशी बुरशी धरण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या कापणीच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे.

आता गहू कुठला? लोकवन, बन्सी, सिहोर, खपली, यांतला कुठलाही उगवतो. जातीपेक्षा तो साठवला कसा होता हे महत्त्वाचं. वर्षाचा गहू भरताना आपल्याकडे एरंडेल चोळतात, कुणी बोरिक पावडर लावतं, कुणी कोठीत पाऱ्याच्या गोळ्या ठेवतं. दळण्यासाठी आपण तो धुऊन-पुसून घेऊ, पण आजारी माणसाला त्याच गव्हाचं गवत पाजायचं असेल तर कशानंही न चोळलेला गहू वेगळा आणावा. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं तर मुळीच नको. त्यावर बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया केलेली असते. दाण्यावर लालसर-गुलाबी रंग दिसतो तो धोक्याची खूण म्हणूनच दिलेला असतो. फुटका दाणा उगवत नाही, कुजतो, म्हणून गहू निवडून घ्यावा. हे काम टीव्ही बघत होतं.

रात्री भिजत घालायचा, सकाळी दोनदा पाणी बदलून निथळायचा आणि फडक्यात बांधून मोड येऊ द्यायचे. उन्हाळ्यात बारा तासांत पांढरं टोक दिसतं, डिसेंबरात दीड दिवसही लागतो. ट्रेला खाली भोकं हवीत. कुंडीच हवी असं नाही, प्लास्टिकचा उथळ डबा तापलेल्या सळईनं भोकं पाडून चालतो. त्यात इंचभर माती, कोकोपीट मिसळलेली असली तर उत्तम. ताजं शेणखत घालू नये. रोगजंतूंच्या दृष्टीनं ती सगळ्यात वाईट गोष्ट, आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याची गरजही नसते. दाणे एकमेकांना टेकतील पण एकावर एक चढणार नाहीत असे पसरायचे. फूटभर लांब-रुंद ट्रेला दोनशे ग्रॅमच्या आसपास गहू लागतो. वर ओलं कापड टाकून दोन दिवस झाकून ठेवायचं, कोंब कापड उचलायला लागले की काढायचं. मग उजेडात, पण थेट उन्हात नाही. पाणी फवाऱ्यानं, सकाळ-संध्याकाळ, माती ओलसर राहील इतपतच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नवखा माणूस घाबरतो, कारण मुळांवर पांढरी लव दिसते. ही बुरशी की मूळरोम? मूळरोम प्रत्येक मुळाभोवती सारखे पसरलेले असतात आणि पाण्याचा फवारा मारला की मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशी कोळिष्टकासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, फवाऱ्यानंतरही राहते, करडी किंवा हिरवट पडते आणि तिला कोंदट वास येतो. मूळरोम असतील तर काही करायचं नाही. बुरशी असेल तर वरवर धुऊन, तेवढा कोपरा काढून काम भागवण्याचा मोह होतो; निरोगी माणसानं भागवलं तर भागवलं, पण पेशंटच्या ट्रेला ही सूट नाही. अख्खा ट्रे खतात जायला हवा.

आपल्या हवेत हा भाग सगळ्यात त्रासाचा. गव्हाला थंडी आवडते, म्हणून तो रब्बीचं पीक. वीस-बावीस अंशांत गवत निवांत वाढतं, नऊ-दहा दिवसांत वीतभर होतं आणि फारसं बिघडत नाही. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात तो झपाट्यानं वर येतो आणि तितक्याच झपाट्यानं पिवळा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, मुंबईत तर हवेतच इतकं पाणी असतं की फवाऱ्याची गरज क्वचित आणि बुरशीची हजेरी रोजची. अशा वेळी दाणे विरळ पेरावेत, भिजवण्याचा वेळ कमी करावा आणि ट्रेवर पंख्याचं वारं लागू द्यावं. तरीही जमत नसेल तर पावसाळाभर बंद ठेवावं. आजारपण आधीच पुरेसं असतं. त्यात रोज सकाळी बुरशी शोधायची काळजी कशाला?

पान सहा-सात इंच झालं की मातीपासून थोडं वर कात्रीनं कापायचं. दाणा, मूळ, माती काही येता कामा नये. वाहत्या पाण्याखाली धुवायचं. मूठभर गवतासाठी मिक्सरचं चटणीचं भांडं पुरतं. घोटभर पिण्याचं पाणी घालून फिरवायचं, स्वच्छ मलमलच्या कापडातून पिळायचं. हातानं फिरवायचे, पिळून रस काढणारे जूसर मिळतात, त्यांत रस जास्त निघतो, पण त्यासाठी खर्च करायची घाई नको. तीसेक मिलिलिटर रसाला चाळीस-पन्नास ग्रॅम गवत लागतं. जुन्या पुस्तिकांतून ‘सात कुंड्या, रोज एक’ असा हिशेब सांगतात तो मोठा ग्लासभर रस पिणाऱ्यांसाठी. एका माणसाच्या छोट्या घोटाला तीन-चार दिवसांच्या अंतरानं लावलेले तीन ट्रे पुष्कळ झाले. कापलेलं गवत कोरडं करून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं तर काही दिवस चांगलं राहतं. याचा अर्थ पहाटे उठून रोज कात्री चालवण्याची गरज नाही. ‘अमुक मिनिटांत प्यायला नाही तर विकरं मरतात’ हे मनावर घेऊ नये. विकरं म्हणजे प्रथिनं. तुम्ही कितीही घाई केलीत तरी जठरात ती पचूनच जाणार. रस काढल्या-काढल्या प्यावा हे खरं, पण ते जंतूंसाठी आणि चवीसाठी.

माणूस गवत प्यायला लागला कधीपासून? या गोष्टीची सुरुवात कोंबड्यांपासून होते. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत चार्ल्स श्नाबेल नावाचा कृषिरसायनतज्ज्ञ होता. आजारी कोंबड्यांच्या खाद्यात त्यानं कोवळं गवत मिसळलं. कोंबड्या सुधारल्या, अंडी वाढली. मग ते गवत वाळवून त्याची पूड तो घरच्यांना आणि शेजाऱ्यांना देऊ लागला आणि पुढे तिच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या. काळ लक्षात घ्यायला हवा. जीवनसत्त्वांचा शोध लागून थोडीच वर्षं झाली होती, त्यांच्या गोळ्या बाजारात सर्रास मिळत नव्हत्या आणि हिवाळ्यात अमेरिकी शेतकऱ्याच्या ताटात हिरवं फारसं नसे. जिथे हिरवा पाला नव्हता तिथे तो दिल्यावर फरक पडला, यात नवल नाही. मेथी, शेपू, चवळईची जुडी बारा महिने दारात येणाऱ्या घरात तेवढाच फरक पडेल असं धरणं मात्र चुकीचं. तोलून पाहिलं तर गव्हांकुराचा रस आणि पालक यांतलं लोह आणि प्रथिनं साधारण सारखीच भरतात. क जीवनसत्त्व तर पालकातच जास्त. शिवाय पालक आपण वाटीभर खातो, रस औंसभर पितो.

त्याच दशकात कोंबड्यांची आणखी एक गोष्ट डेन्मार्कमध्ये घडत होती, आणि पेशंटच्या दृष्टीनं ती जास्त कामाची आहे. हेन्रिक डाम हा शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांना चरबीविरहित खाद्य देत होता. पिल्लांना आतल्या आत रक्तस्राव होऊ लागला, रक्त गोठेना. जे कमी पडत होतं त्याला त्यानं के जीवनसत्त्व असं नाव दिलं. ते हिरव्या पानांत भरपूर असतं आणि पुढे ते लसूणघासापासूनच वेगळं केलं गेलं. या कामाबद्दल डामला एडवर्ड डॉइझीबरोबर १९४३ चं नोबेल मिळालं. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधं नेमकी या के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या, पायात गुठळी होऊन गेलेल्या माणसानं अचानक रोज हिरवा रस सुरू केला तर गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि तसाच अचानक बंद केला तर उलटं. केमो घेणाऱ्यांत गुठळ्या होण्याचं प्रमाण एरवीपेक्षा जास्त असतं, त्यामुळे अशी औषधं चालू असणारे बरेच असतात. ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणणाऱ्या मावशीला डामची पिल्लं सांगावीत.

श्नाबेलच्या पुडीचा ग्लासातला रस केला तो ॲन विगमोर या बाईंनी. लिथुआनियात १९०९ मध्ये जन्मलेल्या, लहानपणी अमेरिकेत गेलेल्या विगमोरबाईंनी बॉस्टनमध्ये संस्था काढली, पुस्तकं लिहिली आणि कच्चा आहार व गव्हांकुर यांचा प्रचार आयुष्यभर केला. बायबलमधल्या नबुखद्नेस्सर राजानं सात वर्षं गवत खाल्लं आणि तो शहाणा झाला, या कथेतून त्यांना प्रेरणा मिळाली असं त्या सांगत. मधुमेहींना इन्शुलिनची गरज कमी करता येते किंवा संपवता येते, असा त्यांचा दावा होता. त्यावर मॅसॅच्युसेट्सच्या ॲटर्नी जनरलनी १९८२ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं, आणि १९८८ मध्ये एड्सविषयीच्या दाव्यांवरून पुन्हा. आपल्याकडे हा रस निसर्गोपचाराच्या वाटेनं रुजला. उरुळीकांचनच्या आश्रमाची स्थापना गांधीजींनी १९४६ मध्ये केली तेव्हापासून माती, पाणी, उपवास, रस यांच्यावर विश्वास ठेवणारा मोठा वर्ग महाराष्ट्रात आहे. त्या विश्वासाला हे अमेरिकी गवत अगदी घरचं वाटलं. कॅन्सर बरा करतो अशी कुठल्याही उपायाची जाहिरात करायला मात्र १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यानं आपल्याकडे बंदी आहे. व्हॉट्सॲपला हे कोण सांगणार!

‘हिरवं रक्त’ हा शब्द विगमोरबाईंच्या शिकवणीतूनच पसरला, आणि आजही हिमोग्लोबिन कमी असलेल्या प्रत्येक पेशंटच्या घरी तो ऐकू येतो. त्यामागे एक खरी आणि सुंदर गोष्ट आहे. हरितद्रव्य आणि रक्तातलं हीम यांच्या रेणूंचा गाभा सारख्याच प्रकारच्या कड्याचा असतो. हरितद्रव्यात कड्याच्या मधोमध मॅग्नेशियम बसतं, हीममध्ये लोह. हान्स फिशरला १९३० चं नोबेल याच दोन रेणूंवरच्या कामाबद्दल मिळालं. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढची उडी चुकते. आपलं शरीर हीमचं कडं आयतं उचलून आणत नाही, ते ग्लायसिनसारख्या साध्या घटकांपासून स्वतः बांधतं. मॅग्नेशियम काढून त्या जागी लोह बसवण्याची सोय शरीरात नाही. शिवाय हरितद्रव्य आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. जठरातल्या आम्लानं त्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. पालकाची भाजी जास्त शिजली की काळपट पडते ते हेच. केमोनंतर हिमोग्लोबिन उतरतं ते बहुधा अस्थिमज्जेतलं काम मंदावल्यामुळे. तिथे कच्चा माल ओतून उपयोग नसतो. कारखानाच धीमा झालेला असतो.

मग रसात काहीच नाही? तसंही म्हणता येत नाही. अभ्यास थोडे आहेत आणि छोटे आहेत. इस्रायलमध्ये २००२ मध्ये मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या, अल्सरेटिव्ह कोलायटिस झालेल्या तेवीस रुग्णांवर चाचणी झाली. काहींना महिनाभर रोज शंभर मिलिलिटर रस, काहींना तसाच दिसणारा पण रस नसलेला द्रव. रसवाल्यांचा रक्तस्राव आणि त्रास कमी झाला. चंडीगढच्या पीजीआय संस्थेत थॅलेसेमियाच्या मुलांना रोज शंभर मिलिलिटर रस दिला गेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्या सोळा मुलांची माहिती तपासता आली त्यांपैकी आठांची रक्त चढवण्याची गरज पंचवीस टक्क्यांहून जास्त उतरली. पुढच्या एका अभ्यासात मात्र असा फायदा दिसला नाही. आणि आमच्या घराला सगळ्यात जवळचा, २००७ मधला, पुन्हा इस्रायलमधला: स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेणाऱ्या साठ बायकांपैकी काहींनी पहिल्या तीन सायकल्समध्ये रोज साठ मिलिलिटर रस घेतला. त्यांच्यात रक्तपेशी घसरण्याशी संबंधित त्रास कमी आढळले. कर्करोगावर रसाचा परिणाम होतो असा त्या अभ्यासाचा दावा नव्हता. आपण काय पितो हे त्या बायकांना माहीत होतं, आणि मळमळ वाढली म्हणून काहींनी मधेच सोडलंही. अशा अभ्यासावरून आणखी मोठा अभ्यास करावासा वाटतो. औषध लिहून द्यावंसं वाटत नाही.

मळमळीचा मुद्दा कागदावर छोटा दिसतो, घरात मोठा असतो. केमोच्या दिवसांत हिला फोडणीचा वासही नको व्हायचा. कापलेल्या गवताचा वास एरवी कुणालाही ताजा, पावसाळी वाटेल. तेव्हा तिला तो सहन होत नसे. ‘अहो, हे गाईला द्या,’ असं एकदा म्हणाली आणि त्यात विनोद फारसा नव्हता. आलं किंवा लिंबू घालून वास थोडा मरतो. पण नको म्हणणाऱ्या माणसाला नाकासमोर ग्लास धरून बसणं ही सेवा नव्हे. केमोच्या पेशंटचं वजन टिकवणं, पोटात प्रथिनं जाणं याला डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ पहिलं स्थान देतात, आणि तीस मिलिलिटर रसात प्रथिनं जेमतेम ग्रॅमभर. त्या रसानं सकाळची भूक गेली आणि अंडं, दही किंवा मुगाचं धिरडं राहिलं, तर हिशेब तोट्याचा झाला.

आणि आता जी गोष्ट व्हिडिओत कधीच नसते ती. केमो दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली येतात. त्यांच्यातले न्यूट्रोफिल पाचशेच्या खाली गेले, की निरोगी माणूस ज्याला सहज परतवतो असा जंतूही घातक ठरू शकतो. मोड आलेलं धान्य जंतूंना फार मानवतं: ऊब, ओल आणि खायला साखर. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांमधून एका घातक ई. कोलाय जंतूची साथ पसरली. साडेतीन हजारांहून जास्त माणसं आजारी पडली आणि पन्नासहून जास्त दगावली. त्या बिया इजिप्तहून आल्या होत्या, म्हणजे जंतू दाण्याबरोबरच आला असणार. गव्हांकुरात आपण दाणा खात नाही, फक्त पान कापतो, त्यामुळे धोका मोडांपेक्षा कमी. पण वाढ त्याच ओलीत, त्याच उबेत होते आणि रस शिजवला जात नाही. धुण्यानं सगळे जंतू जात नाहीत. म्हणून पेशी उतरलेल्या दिवसांत कच्चा रस नको, ही गोष्ट ऑन्कॉलॉजिस्टना विचारून कॅलेंडरवर लिहूनच ठेवावी. त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, की काढा नाही, रस नाही, थेट हॉस्पिटल. कच्च्या रसाबद्दल डॉक्टरांना सांगायचं टाळण्यात अर्थ नाही. ते रागावले तर रागावतील. त्यांना माहीत नसलेली गोष्ट पोटात जात राहणं जास्त वाईट.

मूत्रपिंडाच्या आजारात पोटॅशियम मोजून खावं लागतं, तिथेही विचारल्याशिवाय हा रस नको. ग्लुटेन न चालणाऱ्यांना कोवळ्या पानाचा रस तत्त्वतः चालतो, पण कात्रीत एखादा दाणा आला तर चालत नाही, आणि घरच्या ट्रेत तो येतोच. गव्हाची किंवा गवताची ॲलर्जी असेल तर प्रश्नच मिटला.

एवढं सगळं वजा करून काय उरलं? रस थोडा उरला. ट्रे बराच उरला. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्याच्या दिवसात बहुतेक कामं अशी असतात की त्यांचं फळ दिसत नाही: गोळ्यांचा डबा भरणं, विम्याच्या क्लेमची झेरॉक्स, रक्ततपासणीच्या रांगा, रात्री तीनला उठून पाणी देणं. पेरलेला गहू आठ दिवसांत दिसतो, कापता येतो, बिघडला तर पुन्हा लावता येतो. या दिवसांत ज्याच्या हाती काहीच नसतं त्याला हे एवढं असणं बरं वाटतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त हे काम त्याच्यासाठी आहे हे त्यानं ओळखावं, पेशंटवर त्याचं ओझं टाकू नये. तिनं पाच दिवस रस नाकारला तर ट्रे शेजारच्या मांजरीला आवडतो.

मात्र त्याच्याही अंगावर किती कामं चढवायची याला सीमा आहे. १९९९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ६६ ते ९६ वयाच्या, आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या माणसांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्या समवयस्कांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. आपण नवऱ्याचं किंवा बायकोचं करताना ‘माझं काय, मी ठणठणीत आहे’ म्हणतो आणि स्वतःची बीपीची गोळी विसरतो. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. तिथे पेशंटबरोबर घरच्यांचाही विचार होतो, आणि शुल्क घेत नाहीत. पॅलिएटिव्ह म्हटलं की लोक शेवटच्या दिवसांचा अर्थ काढतात आणि फोन करायचं टाळतात. उपचार चालू असतानाही तिथे जाता येतं.

नातेवाईक, सोसायटीतले लोक, ऑफिसातले मित्र, सगळेच म्हणतात, ‘काही लागलं तर सांगा हं.’ काय सांगायचं ते सुचत नाही आणि विचारणाराही सुटतो. गव्हांकुर सुचवणाऱ्या मावशींना इथे कामाला लावावं. त्यांच्या घरी एक ट्रे, समोरच्या काकांकडे एक. कशानंही न चोळलेला गहू, ताजं शेणखत नाही, बुरशी दिसली तर ट्रे फेकायचा, पान सहा इंच झालं की धुऊन, कोरडं करून डब्यात भरून आणून द्यायचं, आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या आठवड्यात यायचंच तर गवताऐवजी गरम मुगाची खिचडी घेऊन यायचं. कागदावर एवढं लिहून फोनवर फोटो पाठवला, की निम्मे लोक खूश होऊन कामाला लागतात. उरलेले पुन्हा व्हिडिओ पाठवतात.